मराठीत लिहून मराठीच्याच विरोधात लिहिणाऱ्याला मी परत का वाचायला लागलो

गेल्या वर्षी मी एका माणसाला वाचायचं सोडलं. नाव घेत नाही, कारण तो एकटा नाही आणि मीही एकटा नाही. इथे गोव्यात प्रत्येकाने कोणाला तरी असं सोडलेलं आहे. हा माणूस दर रविवारी मराठीत सदर लिहितो आणि मी ते पंधरा वर्षं तरी न चुकता वाचत होतो. मायनिंग असो, म्हादई नदीचं पाणी असो, पंचायतीतले बांधकाम परवाने असोत, कागद हातात घेऊन लिहिणारी जी थोडी माणसं आपल्याकडे आहेत त्यातला तो एक. रविवारी सकाळी पोदेराचा पोंपों ऐकू आला की पाव घ्यायचे, चहा ठेवायचा आणि पेपर उघडून आधी त्याचं पान काढायचं, अशी सवयच होती.

मग 2025 मध्ये मराठीला राजभाषा करा ही मागणी परत जोरात आली, सभा सुरू झाल्या, आणि ह्याने लागोपाठ तीन रविवार त्या मागणीच्या विरोधात लिहिलं. मी मराठी राजभाषेच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो, आणि हा लेख वाचून झाल्यावरही मी त्याच बाजूला असणार आहे. 4 फेब्रुवारी 1987 ला जो राजभाषा कायदा झाला त्यात देवनागरी कोंकणी ही राजभाषा आणि मराठीचा सरकारी कामासाठी वापर करायची मुभा, अशी रचना आहे. ही मुभा म्हणजे घरात राहा पण रेशन कार्डावर नाव नाही, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. आमच्या देवळातली भजनं मराठी, जत्रेतली नाटकं मराठी, आजोबांच्या पोथ्या मराठी. आम्ही घरात कोंकणी बोलतो, ती आमचीच आहे, तिच्याशी आमचं भांडण नाही, पण लिहायला बसलो की हात मराठीकडे जातो, चार पिढ्या जातोय. 2011 च्या जनगणनेत मातृभाषा मराठी सांगणारे 11 टक्क्यांच्या जवळपास आणि कोंकणी सांगणारे 66 टक्के आहेत, पण डिचोलीपासून काणकोणपर्यंत कुठल्याही तिठ्यावरच्या पेपरवाल्याकडे जाऊन बघा, मराठी दैनिकांची चळत किती मोठी आहे ते. हे सगळं त्या माणसाला माहीत आहे. तरी त्याने लिहिलं की ही मागणी गोव्याच्या मुळावर येणारी आहे.

मला राग आला तो विरोधाचा कमी. ह्या माणसाने मराठीत लिहून नाव कमावलं, आम्ही वाचक म्हणून त्याला मोठा केला आणि हा आमच्याच भाषेत आम्हाला सांगतोय की तुमची भाषा इथली राजभाषा नको, ह्याचा राग जास्त. आमच्या गटात दहाबारा जणांनी त्याच आठवड्यात पेपर बंद केला. मीही केला. पेपरवाला पोरगा विचारत होता, काका पैशांचं काय आहे का, नंतर द्या. मी म्हटलं पैशांचं नाही रे. त्या दिवशी आपण काहीतरी केलं असं वाटलं होतं, आणि ते समाधान खोटं नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

आता थोडं मागे जातो, कारण हे आमच्या घरात पहिल्यांदा झालेलं नाही.

1986 साली मी सातवीत होतो. राजभाषेचं आंदोलन पेटलं होतं, रस्त्यावर झाडं आडवी पाडलेली, बस बंद, माणसं मेली त्यात. आमचे बाबा मराठीवाले आणि आईचा भाऊ, म्हणजे आमचा मडगावचा मामा, कट्टर कोंकणीवाला. त्याआधी ह्या दोघांचा एक रिवाज होता. मामा त्याच्याकडच्या पेपरातली कात्रणं जमवायचा आणि कोणी डिचोलीला येणारं भेटलं की त्यांच्याकडे लिफाफा द्यायचा, बाबा त्यांची कात्रणं तशीच परत पाठवायचे, आणि दोघेही समासात पेनाने भांडायचे. चूक, साफ चूक, पुरावा काय, असले शेरे. मामाचं एक वाक्य ठरलेलं होतं, 'वाचून पळय, मागीर झगड', म्हणजे आधी वाचून बघ, मग भांड. डिसेंबर 86 नंतर लिफाफे बंद झाले. बाबांनी तो पेपर घरात आणायचा नाही असं सांगितलं, मामाने बाबांचा पेपर बंद केला. 1987 च्या चतुर्थीला मामा आला नाही. आईने गणपतीवरची माटोळी बांधताना दोनदा विचारलं, कोणाची गाडी आली का.

बाबांचं तेव्हा म्हणणं होतं की ज्याने आपली भाषा नाकारली त्याला वाचणं म्हणजे त्याच्या हातात दगड देणं. मी ते वाक्य तेव्हापासून खरं धरून चाललो आणि गेल्या वर्षी पेपर बंद करताना तेच माझ्या डोक्यात होतं. पण आता मला वाटतं की बाबांची ह्यात चूक झाली, आणि ती चूक आहे हे समजायला गोव्याचाच इतिहास पुरेसा आहे.

1967 चा जनमत कौल घ्या. 16 जानेवारीला मतदान झालं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश म्हणून राहायचं, एवढाच प्रश्न. 1,72,191 मतं संघप्रदेशाला आणि 1,38,170 विलिनीकरणाला, म्हणजे 34,021 चा फरक. आता ही लढाई पेपरात कशी झाली ते बघा. 'गोमन्तक' विलिनीकरणाच्या बाजूने, आणि 'राष्ट्रमत' विरोधात. आणि हा 'राष्ट्रमत' कुठल्या भाषेतला? मराठी. मडगावहून निघणारा मराठी पेपर, आणि त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहायचे, मराठीत, आणि सांगायचे काय तर महाराष्ट्रात जाऊ नका. म्हणजे जो आरोप मी माझ्या लेखकावर करत होतो, मराठीत लिहून मराठीवाल्यांच्या विरोधात लिहितो हा, तो आरोप गोव्यातल्या सगळ्यात मोठ्या राजकीय वादात आधीच होऊन गेलेला आहे. ते मराठीत का लिहीत होते? कारण ज्यांना पटवायचं ते मराठी वाचत होते. सोपी गोष्ट आहे. जो माणूस मला मोजत नाही तो माझ्या भाषेत माझ्याशी भांडायला येणार नाही, तो आपल्या माणसांत बसून आपल्या भाषेत माझ्याबद्दल बोलेल. हा माझ्या दारात येऊन भांडतोय. मी दार लावून घेतलं की उरतं काय, तर त्याच्याकडे फक्त त्याची माणसं आणि माझ्याकडे फक्त माझी.

आणि कौलानंतर काय झालं ते मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. विलिनीकरण हरलं. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधीच राजीनामा दिलेला होता. आणि मार्चमध्ये निवडणूक झाली तेव्हा विलिनीकरण मागणाऱ्या त्याच महाराष्ट्रवादी गोमंतक, म्हणजे मगो पक्षाचे 30 पैकी 16 आमदार निवडून आले आणि भाऊ परत मुख्यमंत्री झाले. जानेवारीत ज्या प्रश्नावर हरले त्यानंतर दोन अडीच महिन्यांत. पेटीत कोणी काय टाकलं हे कोणाला कळत नाही, पण एक गोष्ट उघड आहे की त्या पिढीने एका प्रश्नाचा निकाल आणि राज्य कोणी चालवायचं ह्याचा निकाल वेगळा ठेवला, आणि भाऊंनीही जो संघप्रदेश त्यांना नको होता तोच 1973 ला जाईपर्यंत चालवला, गावोगाव शाळा काढल्या. त्या शाळांतून शिकलेल्यांनीच पुढे कोंकणीसाठीही लिहिलं आणि मराठीसाठीही. एका प्रश्नावर पटलं नाही म्हणून माणूस संपला, असा हिशेब तेव्हा कोणी केला असता तर गोवा चालला नसता.

आता माझं स्वतःचं नुकसान सांगतो, कारण नुसत्या इतिहासाने मला फरक पडला नसता.

नगर नियोजन कायद्यात 2024 मध्ये 39अ कलम आलं. त्याखाली कोणी आपल्या जमिनीचा झोन बदलून मागितला, म्हणजे ऑर्चर्डची (बागायतीची) सेटलमेंट (वस्तीची) वगैरे, तर नोटीस निघते आणि लोकांना हरकती घालायला 30 दिवस मिळतात. 30 दिवस ऐकायला भरपूर वाटतात पण नोटीस गॅझेटमध्ये येते, सर्व्हे नंबर आणि चौरस मीटरच्या रकान्यात, आणि गावातला कोण गॅझेट उघडून बसतो. माझा लेखक बसायचा. त्याच्या सदराच्या खाली चौकटीत तो दर काही आठवड्यांनी ही यादी द्यायचा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर, किती जमीन, हरकतीची शेवटची तारीख. सासष्टी, बार्देस, पेडणे, डिचोली, सगळं.

आमच्या गावच्या मागच्या डोंगराची, जिथे काजूची झाडं आहेत आणि जिथून आमच्या तीन वाड्यांच्या झरीला पाणी येतं, त्या जमिनीची नोटीस अशीच निघाली. त्याच्या चौकटीत ती होती. मी त्याला वाचत नव्हतो. आमच्या गटातले दहाबारा जणही वाचत नव्हते, आणि त्यातले पाच जण त्याच वाड्यांतले. आम्ही त्या महिन्यात मराठीच्या सभेला गाड्या करून गेलो, त्याचा मला पश्चात्ताप नाही, पण त्याच महिन्यात 30 दिवस संपले. मला कळलं ते मामाच्या मुलाकडून. त्याने सदराचा फोटो पाठवला आणि लिहिलं, दादा, हो तुमचोच दोंगर मरे? मी तारीख बघितली. मुदत संपून चार दिवस झाले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. नंतर आम्ही निवेदनं दिली, ग्रामसभेत ठराव घेतला, धावपळ चालू आहे, पण वेळेत घातलेली हरकत आणि नंतरचं निवेदन ह्यात फरक असतो हे कोणीही सांगेल. आणि लक्षात घ्या, ह्या माणसाला आमच्या गावाशी काही देणंघेणं नाही, तो इथला नाही, आणि आमचा गाव मराठीवाल्यांचा म्हणून ओळखला जातो हे त्याला पक्कं माहीत. तरी त्याने आमचा सर्व्हे नंबर छापला. आम्ही त्याला वाचणं बंद केलं त्याच्या पुढच्याच महिन्यात तो आमच्या झरीसाठी गॅझेट चाळत बसला होता.

म्हणून मला असं वाटायला लागलंय की गोव्यात भाषेच्या वादाची खरी किंमत भाषेत चुकती होत नाही, ती जमिनीत होते. आपण दोन्हीकडचे एकमेकांचे पेपर आणि लेखक सोडतो आणि मग झोन बदलतात तेव्हा अर्ध्या लोकांना माहिती नसते. उलटं झालेलंही आपण बघितलंय. 2011 सालापर्यंतसाठी केलेला प्रादेशिक आराखडा 2007 च्या सुरुवातीला रद्द करायला लागला तेव्हा रस्त्यावर कोण होतं? चर्चमधून निघालेले, देवळातून निघालेले, इंग्रजी वाचणारे, मराठी वाचणारे, कोंकणी रोमीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत वाचणारे, सगळे. मोलेच्या जंगलाच्या वेळी 2020 ला रेल्वे दुपदरीकरणाच्या विरोधात चांदरला लोक रात्री रुळांवर बसले आणि पुढे 2022 ला सुप्रीम कोर्टाने त्या कामाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. ह्यातलं काही एका भाषेच्या वाचकांनी केलेलं नाही. म्हादईचं पाणी कर्नाटकाकडे वळलं तर ते सत्तरीतल्या मराठी शाळेच्या विहिरीतून पण जाईल आणि दिवाडीच्या कोंकणी घरातल्या विहिरीतून पण. 14 लाख 58 हजार माणसांचं राज्य आहे हे, 2011 च्या मोजणीने, एवढ्या छोट्या जागेत आपण एकमेकांना वाचायचं सोडलं तर लक्ष ठेवायला माणसं उरत नाहीत.

आता ह्यावर मित्रांनी मला जे सांगितलं ते बरोबर आहे असं नाही पण फालतूही नाही. एकजण म्हणाला, वर्गणी म्हणजे पाठिंबा, जो आपल्या मुळावर आलाय त्याला पैसे कशाला. मला हे पटतं, जर पेपर चालवणारा दुसरी बाजू छापतच नसेल तर. तेव्हा पैसे बंद करा, आणि का बंद केले ते पत्र लिहून कळवा, कारण गुपचूप सोडलं तर त्या लेखकाला वाटतं लोकांना कंटाळा आला. मी पत्र लिहिलं नव्हतं. दुसरा म्हणाला, मला ते वाचून त्रास होतो, रविवार खराब होतो, माझ्या डोक्याला शांती पाहिजे. ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. ज्याच्या घरातलं कोणी 86 ला लाठ्या खाऊन आलंय त्याला मी सांगू शकत नाही की बस आणि वाच. पण आम्हा बाकीच्यांचा त्रास तेवढा नव्हता. आमचा मान दुखावला होता.

आणि काही लेखक सोडायलाच पाहिजेत, ह्याबद्दल मला अजिबात संशय नाही. एकजण आमच्याच बाजूचा होता, व्हिडिओ करायचा, मराठीसाठी बोलायचा, आणि एकदा त्याने दुसऱ्या बाजूच्या एका सभेतली गर्दी म्हणून भलत्याच जत्रेचा फोटो दाखवला. लोकांनी दाखवून दिलं तरी काढला नाही. आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांबद्दल जे शब्द वापरले ते मी लिहीत नाही. त्याला मी सोडला, कायमचा, आणि तो माझ्या बाजूचा होता म्हणून मला जास्त लाज वाटली. खोटं बोलून ते तसंच ठेवणारा, आणि माणसांना माणूस न समजणारा, ह्यांना सोडायचं. माझ्या लेखकाने ह्यातलं काहीच केलं नव्हतं. तीन लेख मी परत काढून वाचले, शांतपणे, पेन घेऊन. दोन ठिकाणी त्याची माहिती अपुरी आहे आणि एका ठिकाणी तो आमच्या देवळांतल्या मराठीबद्दल असं लिहून गेलाय की जणू ती कोणी बाहेरून आणून ठेवली, ते वाचून मला आजही राग येतो. पण एक मुद्दा असा होता की मला त्याचं उत्तर देता आलं नाही. तो विचारत होता, मराठी राजभाषा झाली तर सासष्टीतल्या रोमीत कोंकणी लिहिणाऱ्याला तुम्ही काय सांगणार, तो आधीच देवनागरीने बाहेर ठेवलाय. आमच्या सभांमध्ये हा प्रश्न कोणी काढतच नाही. आम्ही सगळे एकमेकांनाच वाचतो म्हणून तो प्रश्न आमच्यापर्यंत आलाच नाही.

आणि बाजू बदलतात हो, हेही आपण विसरतो. 1990 साली शिक्षणमंत्री असताना शशिकला काकोडकरांनी प्राथमिक शाळांचं अनुदान भारतीय भाषांपुरतं ठेवलं. 2011 ला दिगंबर कामतांच्या सरकारने इंग्रजी शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. त्याच्या पुढे कोण होतं? मगोच्या माजी मुख्यमंत्री शशिकलाताई, त्यांच्या बाजूला 'ब्रह्मास्त्र' लिहिणारे उदय भेंब्रे, आणि संघाचे सुभाष वेलिंगकर. 67 ला आणि 87 ला समोरासमोर असलेली माणसं एका मंचावर, मराठी आणि कोंकणी दोन्ही वाचवायला. मी तेव्हा बाबांना टीव्हीवर ते दाखवलं. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ह्याचं काय लिहिलेलं आहे का घरात, आण. घरात काही नव्हतं, 1986 पासून त्यांनीच आणू दिलं नव्हतं. मामा तोपर्यंत गेला होता. पंचवीस वर्षांत त्या दोघांनी एकमेकांचं एक कात्रण वाचलं नाही, आणि शेवटी ज्या प्रश्नावर दोघे एक झाले असते तो प्रश्न आला तेव्हा एकजण उरला नव्हता.

मी पेपर परत सुरू केलाय, गेल्या महिन्याच्या 1 तारखेपासून. गटात सांगितलं तेव्हा दोघे रागावले, एकजण म्हणाला तू बदललास. त्याच आठवड्यात मी त्या लेखकाला लांब पत्र लिहिलं, राजभाषेवरचे त्याचे मुद्दे एकेक घेऊन, देवळांबद्दलच्या वाक्याला तर पानभर उत्तर दिलं, आणि शेवटी आमच्या डोंगराचा सर्व्हे नंबर छापल्याबद्दल आभार मानले. अजून उत्तर आलेलं नाही. काल रविवार होता. सदर परत भाषेवरच होतं, परत आमच्या विरोधात, मी समासात दोनदा 'चूक' लिहिलं. मग खालची चौकट बघितली, डिचोली तालुक्यातले तीन सर्व्हे नंबर आहेत, त्यातला एक शेजारच्या गावचा. तिथल्या दोघांना फोन केला. अजून 19 दिवस आहेत.